तळवलीच्या ओट्यावरचे बूट

माझ्या फोनमध्ये एक नंबर 'कमलचा भाऊ, उचलायचा नाही' या नावाने आहे. हे नाव मी दिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी कमलनेच माझा फोन हिसकावून घेऊन ते टाइप केलं होतं. भावाने तिला सोडून माझ्यामार्फत निरोप पाठवला तर मी लगेच विरघळेन, अशी तिला धास्ती होती. पुढे त्या दोघांचं जुळलं, येणं-जाणं सुरू झालं, पण नाव बदलायचं माझ्याकडून राहून गेलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी कणीक मळत होते आणि टेबलावर तोच नंबर वाजला. पिठाच्या हाताने उचलला. पलीकडून जना, म्हणजे कमलचा धाकटा भाऊ, म्हणाला, "ताई, तुमी आधी बसा." मी म्हटलं, "बसले, बोल." बसले नव्हतेच. मग तो म्हणाला, "बाय गेली…" थोरल्या बहिणीला त्यांच्या घरात बाय म्हणतात. आदल्या दुपारी ती माहेरी तळवलीला गेली होती, भावजयीबरोबर जेवली, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली आणि त्यातून नीट उठलीच नाही. डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. जना रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होता. मी फोन ठेवला आणि पोळ्या केल्या. कणीक मळून तयार होती, काय करणार? शेवटची पोळी उतरवून गॅस बंद केल्यावर रडू फुटलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात निम्मा राग होता. माहेर परत मिळून बाईला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आम्ही दोघी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. टेबलाला टेबल लागून. मी साताऱ्याकडची, लग्न करून सानपाड्याच्या नव्याकोऱ्या सोसायटीत आलेली. ती तळवलीत जन्मलेली आणि सानपाडा गावात दिलेली. माझा पत्ता सेक्टरचा, तिचा गावातला, मध्ये फक्त एक रस्ता. पहिल्याच आठवड्यात तिने माझा डबा उघडून बघितला, पिठलं-भाकरी बघून म्हणाली, "रोज रोज पीठच खाता का गं तुमी? पीठ पण पिठाबरोबर?" आणि आपल्या डब्यातला सुका जवळा माझ्या झाकणात टाकला. तेव्हापासून मी तिची 'सातारकर' झाले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांपुढे भाषण करतानासुद्धा तिने मला नावाने हाक मारली नाही. तिचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. माझं घर माणसांनी भरलेलं, तरी संध्याकाळ झाली की मला ती लागायची. नवऱ्याला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तिला ठाऊक होत्या, आणि त्या तिच्याबरोबर गेल्या, हेही एक बरंच झालं म्हणायचं.

गावच्या माणसाने शहरासाठी गेलेल्या जमिनींबद्दल उसासे टाकावेत अशी लोकांची अपेक्षा असते. ऑफिसात कोणी नवीन आलं आणि त्याला कळलं की ही इथलीच, मूळची, तर तो चेहरा पाडून विचारायचा, "मग आता हे सगळं बघून वाईट वाटत असेल ना?" कमल फटकन म्हणायची, "आमच्या आयशीला इचारायला पायजे होतं. गुडघाभर चिखलात लावणी करून तिच्या पायाची बोटं कुजायची. मला हा रस्ता आवडतो. वर दिवा हाय, खाली फुटपाथ हाय, रात्री बाई चालू शकते. अजून काय पायजे?" तिचं या शहरावर खरोखर प्रेम होतं. रुंद रस्ते, रांगेने लावलेली झाडं, सेक्टरचे आकडे, सगळं तिला आपल्या घरचं कौतुक असल्यासारखं वाटायचं. कुणी पामबीच रस्त्यावर कचरा टाकला तर ती गाडीच्या काचेवर टकटक करून परत उचलायला लावायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तिला काही नाही.

चालण्याचं सुरू झालं ते एका मे महिन्यात. ट्रान्सफॉर्मर उडाला, आख्खं सेक्टर अंधारात, घामाच्या धारा, पोरं गावाला गेलेली, नवरा बनियन भिजवून खिडकीत बसलेला. खालून हाक आली, "ए सातारकर, खाली ये! घरात बसून उकडून निघायचं त्यापेक्षा चालून उकडू." गेले. पामबीचला खाडीवरून वारा येत होता, बहावा फुललेला दिव्याखाली पिवळाजर्द दिसत होता, आणि आम्ही बोलत बोलत कधी नेरूळ ओलांडलं ते कळलंच नाही. तेव्हापासून दर मे महिन्यात एक रात्र लांब चालायचं असा रिवाजच पडला. एरवी जेवण झाल्यावर फेरी असायची, पण मेची रात्र वेगळी. सानपाड्याहून निघायचं, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स करत बेलापूर गाठायचं, वाटेत सोड्याच्या गाडीवर थांबायचं, आणि शेवटी आपल्या ऑफिसच्या बंद गेटासमोर उभं राहायचं. तिथे कमल वॉचमनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची, "आज सुट्टी!" मग रिक्षा करून घरी. निवृत्तीनंतरही ती गेटासमोर उभी राहून तेच म्हणायची. वॉचमन बदलले, तिचं वाक्य बदललं नाही. या चालण्यासाठी तिने स्पोर्ट्स शूज घेतले होते, पांढरे, निळ्या पट्ट्याचे. सलवार-कमीज, डोक्याला ओढणी आणि पायात ते बूट. दिवसा कायम साडी नेसणारी ही बाई रात्री कॉलेजात चाललेल्या पोरीसारखी दिसायची.

आता भावाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय कमल कळायची नाही. जनाच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापल्या गेल्या, आणि कमलची पत्रिका कुणीतरी तिच्या दाराच्या ग्रिलमध्ये खोचून गेलं. झालं. त्यांच्या आगरी समाजात लग्नाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, घरच्या माणसाने यायचं आणि तोंडाने द्यायचं असतं. कुंकू लावायचं, अक्षता हातावर ठेवायच्या आणि 'लग्नाला चला' असं म्हणायचं. कमल म्हणाली, "भाऊ आला नाय, कागद आला." तिकडे जनाचं म्हणणं असं की आवतन परक्याला देतात, बहिणीला कसलं आवतन, ती घरचीच, तिने चार दिवस आधी येऊन कामाला लागायचं. हे मला पुढे त्याच्याकडूनच कळलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही गाढव. हळदीच्या संध्याकाळी मी तयार होऊन तिच्याकडे गेले, तर ती भारी साडी नेसून, गजरा माळून सोफ्यावर बसली होती. "येईल तो," म्हणाली. मी शेजारी बसले. आम्ही दोघी टीव्ही न लावता तशाच बसलो. अंधार पडल्यावर ती उठली, गजरा काढून देवापुढे ठेवला आणि मला विचारलं, "पिठलं खाणार का गं?" तिच्या हातचं पिठलं मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. भयंकर झालं होतं.

त्यानंतर तिने तळवलीचं नाव टाकलं. आधी आम्ही एखाद्या वर्षी ठाण्याच्या दिशेनेही चालायचो, ते बंद झालं. मी म्हटलं की या वेळी उलटं जाऊ या, तर म्हणायची, "तिकडं काय हाय? कंपन्या नि ट्रक." एकाच शहरात राहून बहीण-भाऊ एकमेकांना दिसले असतील ते लांबून, कुणाच्या तरी बाराव्याला नाहीतर लग्नात, आणि तेही पाठमोरे. मी तिला समजावलं, भांडले, एकदा तर दोन आठवडे अबोला धरला. काही उपयोग नाही. "तू मध्ये पडू नको, सातारकर," एवढंच. रक्षाबंधनाला ती मला ऑफिसात उगाच कामाला लावायची, फायली वरखाली करायला लावायची. मी गुपचूप करायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला, "बूट घाल. आज उलटं जायचं." मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर आलं. तुर्भे ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो. त्या रस्त्याला रात्री कंपन्यांचा एक आंबूस वास असतो, नाकात बसतो. ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते. वारा अजिबात नाही, ओढणीने तोंड पुसून पुसून ती ओली झालेली. कमल नेहमीसारखी बोलत नव्हती. पावण्याजवळ पोलिसांची गाडी थांबली, आतून एक हवालदार म्हणाला, "मॅडम, या वेळेला कुठे निघालात?" कमल म्हणाली, "हळदीला." "चालत?" "गाड्या सगळ्या तिकडंच गेल्यात." त्याला हसू आलं, सांभाळून जा म्हणाला. गाडी पुढे गेल्यावर मी तिच्याकडे बघितलं. "कुणाच्या हळदीला गं?" ती सरळ समोर बघत म्हणाली, "जनाच्या धाकट्याची. आज हाय."

मी म्हटलं, "आवतन आलं?" "नाय." "मग?" "मग काय? आत नाय जायचं. लांबून मांडव बघायचा, पोरगा दिसला तर बघायचा, नि रिक्षा करून परत." माझं टाळकंच सरकलं. भर रस्त्यात थांबले आणि म्हटलं, "अगं, वेड लागलंय का तुला? एवढी तंगडतोड करून बाहेरून बघायचं? सिनेमाच्या पोस्टरवर भागवायचं का?" ती पण थांबली. एक ट्रक गेला, मग ती म्हणाली, "परक्याच्या मांडवात मी बिनबोलावता शिरीन. लाजणार नाय. पण म्हायेरी… म्हायेरी नाय जमत गं. तिथं कोणी 'ही कशी आली' असं नुसतं बघितलं ना, तर मी मरीन." एवढं बोलून चालायला लागली. कोपरखैरणे गेलं, घणसोली गेली, मी मागून फणफणत. मनात ठरवून टाकलं होतं की मांडवाच्या दारातून हिला ढकलायचीच. पण तिला ढकलणं शक्य नाही हेही मला माहीत होतं.

तळवली उजळून निघाली होती. घरं आता सगळी तीन-चार मजली, त्यांच्यावर लाइटच्या माळा, गल्लीभर मांडव, बेंजो पार्टी दणाणत होती. आम्ही अलीकडे, एका बंद दुकानाच्या शटरला टेकून अंधारात उभ्या राहिलो. नवरा मुलगा काही दिसेना, नुसती पाठमोरी गर्दी. मग बेंजो थांबला आणि आतून बायकांचे आवाज आले, त्यांची जुनी लग्नाची गाणी, धवले म्हणतात त्यांना. कमलचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात मांडवातून एक माणूस फोनवर बोलत बाहेर आला. पांढरा शर्ट, गालाला हळद. जनाच होता. बोलणं संपवून वळला, तर शटरपाशी दोन बायका उभ्या. उजेड त्याच्या पाठीमागे आणि फोनचा प्रकाश डोळ्यांवर, त्याला आमचे चेहरे कुठले दिसायला? आणि बूट, ओढणी अशा अवतारातली बहीण त्याने जन्मात बघितली नव्हती. हळदीच्या रात्री त्या गावांत रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोवाल्यालासुद्धा जेवायला ओढून नेतात. त्याच सवयीने तो मोठ्याने म्हणाला, "मावशी, बाहेर का उब्या? चला, चला आत. पोराची हलद हाय आमच्या. जेवल्याबिगर कोन जाचा नाय."

कमल हलली नाही. मग म्हणाली, "परत बोल."

"काय?"

"आत चला बोललास ना आता? तोंडानं बोललास ना? परत बोल."

आवाज ओळखला त्याने. फोन खाली गेला. मला तर वाटलं आता एकतर हा आत निघून जाईल, नाहीतर ही पळत सुटेल. मग जना म्हणाला, "बाय…" आणि घसा खाकरून, एकेक शब्द सुटा करत, "बाय, पोराच्या हलदीला चल." कमल म्हणाली, "आता कसं बोललास!" आणि तिथेच रस्त्यावर वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली, कारण हळदीच्या मांडवात बूट घालून कशी जाणार? गाठ काही सुटेना. जना खाली बसला, मातीत, पांढऱ्या कपड्यांनिशी, आणि त्याने बहिणीच्या बुटांच्या नाड्या सोडवल्या. कमल त्याच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभी, आणि रडत रडत त्याला शिव्या देत होती. आगरी शिव्या. त्या इथे छापता येणार नाहीत.

आत 'आत्या आली, आत्या आली' असा जो काही कल्लोळ झाला, त्यात मी कुठल्या कुठे फेकले गेले. कुणीतरी माझ्यापुढे मटण आणि तांदळाची भाकरी ठेवली, कुणीतरी गालाला हळद फासली. कमल नवऱ्या मुलाशेजारी बसून त्याला हळद लावत होती आणि आता ओठ नुसते हलत नव्हते, गळा मोकळा करून गात होती. इतक्या वर्षांत तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. पहाटे निघताना मी ओट्यावर ठेवलेल्या बुटांकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "राहू दे तिथंच. म्हायेरी आपली एक तरी वस्तू पायजे." भावजयीच्या चपला पायात अडकवून ती जनाच्या गाडीत बसली. आम्ही दोघी हळदीने माखलेल्या सानपाड्यात उतरलो तेव्हा दूधवाले निघाले होते, आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला ओळखायलाच वेळ लावला.

त्यानंतर ती दर आठवड्याला तळवलीला जायची. जना म्हणायचा, बूट घेऊन जा, तर ही म्हणायची, "तुझ्या डोळ्यांपुढं असू दे, नायतर परत कागद धाडशील." आमच्या फेऱ्यांसाठी तिने दुसरे घेतले. मी एकदा तिला विचारलं, "खरं सांग, चूक कुणाची होती?" तिने विचार केल्यासारखं केलं. "दोघांची. पण आधी त्याची." मी हसले, तीही हसली. पण मला अजून त्या गेलेल्या वर्षांचा राग येतो. तिकडे भाचरं वाढली, थोरल्याचं लग्न झालं, आणि ही इकडे फायली वरखाली करत बसली. हे मी तिच्या तोंडावर बोलले होते, म्हणून इथेही लिहिते.

गेल्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात जना, हातात कुंकवाचा करंडा आणि रुमालात बांधलेल्या अक्षता. मागे त्याची बायको. मी म्हटलं, "अरे, आत ये, बस, चहा टाकते." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आदी आवतन, मंग चहा." त्याच्या मुलीचं, रसिकाचं, लग्न आहे या महिन्याअखेरीस. कमल असतानाच ठरलेलं होतं, आणि तिनेच सगळ्यांना बजावलं होतं की काहीही झालं तरी तारीख हलवायची नाही. भावजयीने मला कुंकू लावलं, जनाने माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि त्या रात्रीसारखाच एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ताई, पोरीच्या हलदीला चला." मग खाली बघून म्हणाला, "पयलं आवतन बायला द्याचं ठरवलं व्हतं. ती नाय. म्हनून तुमच्याकरं आलो. तुमच्या आदी कोनाकरं गेलो नाय अजून." मी मूठ मिटून घेतली.

चहा पिताना तो घराच्या रंगकामाचं सांगत होता. लग्नासाठी सगळं घर रंगवलंय, ओट्यालाही लाल रंग दिलाय. रंगारी म्हणाला, ते बूट उचला. जनाने उचलू दिले नाहीत. त्यामुळे ओटा सगळा नवा, आणि बुटांखाली तेवढी जागा जुन्या रंगाची राहिलीय. "बरा दिसत नाय," त्याची बायको म्हणाली, "पन ऱ्हाऊ दे."

जाताना लिफ्टपाशी तो थांबला. "हलदीला गारी धाडतो, ताई. किती वाजता धाडू?"

मी म्हटलं, "गाडी नको. चालत येते."